उंबऱ्याच्या बाहेर

माझ्या नाकावर राग असतो, हे दौंडला माहेरी आणि शिरूरला सासरी, दोन्हीकडं सगळ्यांना ठाऊक आहे. आता गुडघे गेले, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, तशी मीही जरा निवले. पण हे सांगतेय ते नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. मी तिशीत होते आणि माझ्या तोंडी लागायला गल्लीतला पाणी सोडणारा माणूससुद्धा घाबरायचा. त्या काळात एका मुक्या जिवाला मी एक गोष्ट शिकवली. रागानं शिकवली. ती त्यानं इतकी पक्की धरली की शेवटी त्याच्याच मुळावर आली.

ते कुत्रं मुळात माझ्या वडिलांचं. अब्बा रेल्वेत होते. दौंडच्या यार्डात डब्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. अम्मी त्याच्या आधीच गेलेली. मग त्यांनी लाइनीच्या पलीकडं एक खोली भाड्यानं घेतली आणि एकटेच राहायला लागले. मी किती वेळा म्हटलं, शिरूरला या. ते हसायचे. म्हणायचे, गाडीचा आवाज आला नाही तर मला झोप लागत नाही. रोज सकाळी खिशात शिळ्या पोळीचे तुकडे घेऊन यार्डाच्या कडेनं फिरायचे आणि तिथली कुत्री त्यांच्या मागं मागं खोलीपर्यंत यायची.

मला ते मुळीच आवडायचं नाही. एकदा मी एसटीनं धूळ खात गेले. चहा टाकावा म्हणून बघते तर पातेल्यात दूध नाही. बाहेर ॲल्युमिनियमच्या ताटलीत एक तपकिरी पिल्लू चटाचटा दूध पितंय. मागच्या डाव्या पायाला चिंधी बांधलेली.

"मालगाडीखाली पाय सापडला होता त्याचा," अब्बा म्हणाले. "दोन बोटं गेली. पंधरा दिवस हळद बांधतोय. बघ, आता टेकवतोय पाय."

त्यांना वाटलं मी कौतुक करीन. माझं डोकंच फिरलं. "लेक चार महिन्यांनी आली तर तिला घोटभर चहा नाही, आणि या रांडेच्याला दूध? तुम्हाला मी दिसते का नाही?" असं बरंच काही बोलले. अम्मीचं नाव काढलं. तिला चाललं असतं का हे, असं विचारलं. अब्बा ताटलीकडं बघत उभे राहिले. मी पिशवी उचलली आणि परत निघाले. ते माझ्या मागं स्टँडपर्यंत आले, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर पाच महिने मी गेले नाही. मग शेजारच्या दुकानात फोन आला.

अब्बा सकाळी खोलीतच गेले होते. ते पिल्लू दारात उभं राहून इतकं भुंकलं की शेजारचे लोक शिव्या देत बाहेर आले आणि तेव्हा कळलं. मी पोचले तोवर जनाजा निघायची वेळ झाली होती. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी दारातच थांबले. कुत्रं मात्र गेलं. नवरा नंतर म्हणाला, फाटकापर्यंत आलं आणि सगळे परत येईस्तोवर तिथंच बसून होतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. खरं सांगू? मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. शेवटच्या वेळी ते होतं, मी नव्हते.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही खोली रिकामी करायला गेलो. सामान म्हणजे काय, एक लोखंडी खाट, दोन पातेली आणि अब्बांची पत्र्याची पेटी. नोकरीभर ती पेटी त्यांच्यासोबत फिरली होती, तिला ग्रीसचा वास कायमचा लागलेला. टेम्पो बोलावला. खाट चढवली, पेटी चढवली, आणि पेटीच्या मागं ते कुत्रंही उडी मारून चढलं. तीन पायांवर जोर देऊन, धडपडत. एव्हाना ते पिल्लू राहिलं नव्हतं, वर्षभराचं झालं असेल. ड्रायव्हर हाड हाड करायला लागला. मी म्हटलं, "राहू द्या. येतंय तर येऊ द्या."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाही कळलं नाही. न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मी मागं डोकावले. ते पेटीला पाठ लावून बसलं होतं.

शिरूरला आमचं घर दोन खोल्यांचं. पुढं ओटा, मग पुढची खोली, मग स्वयंपाकाची. पुढच्या खोलीत खिडकीखाली एका कोपऱ्यात सासूबाईंची जागा. तिथं त्यांची जानमाज, म्हणजे नमाज पढायची चटई, गुंडाळून ठेवलेली असायची. शेजारी तसबीह, म्हणजे जपाची माळ, आणि नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या पाण्याचा तोटीचा लोटा. त्याला आम्ही बधना म्हणतो. पेटी मी त्यांच्यासमोरच्या भिंतीला ठेवली. दुसरीकडं जागाच नव्हती.

सासूबाई तळेगाव ढमढेऱ्याच्या. शेतात राबलेली बाई, बोलणं एकदम गावाकडचं, आणि आवाज कधी चढायचा नाही. माझ्यासारखीला तेच जास्त लागायचं. भांडायला समोरून आवाज तरी यावा की नाही?

कुत्र्यानं पहिले दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. आत येऊन पेटीपाशी बसायचं आणि कोणी जवळ गेलं की अंग चोरायचं. तिसऱ्या दिवशी मी त्याला दूधभाकरी कुस्करून दिली. हो, दूध. देताना अब्बांची ताटली आठवली. त्यानं ते खाल्लं. खाल्ल्यावर तहान लागली असेल, सरळ खिडकीखाली गेलं आणि सासूबाईंच्या बधन्याला तोंड लावलं.

सासूबाई तिथंच होत्या. मी जिथल्या तिथं गारठले. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आठवलं. कुत्र्यानं तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. कुत्रं असलं की घरात फरिश्ते येत नाहीत. आमची अम्मी तर कुत्रं शिवलं की लुगडं बदलायची.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जा, परसातली चांगली माती आन. बधना धुऊन टाक. आन् ह्याला माझ्या कोपऱ्याकडं तेवढं येऊ दिऊ नगंस, पोरी."

एवढंच. याच्या पुढं एक अक्षर नाही. पण मी ऐकलं ते भलतंच. मला ऐकू आलं की तुझ्या बापाचं कुत्रं आमच्या घरात नको. तुझ्या बापाची पेटी नको, तूसुद्धा नको. चाळीस दिवस रडू दाबून धरलं होतं, ते रागाच्या वाटेनं बाहेर पडलं.

"कोपराच कशाला?" मी म्हटलं. "उंबऱ्याच्या आतच नको ना ते! नाहीतर तुमच्या घरात फरिश्ते यायचे नाहीत!"

"म्या तसं म्हनलं व्हय?" त्या म्हणाल्या. मी ऐकायला थांबलेच नाही. कुत्र्याला मानेला धरून ओढत ओट्यावर नेलं आणि बाहेर ढकललं. बधना सात वेळा घासला. इतका घासला की त्याची कल्हई निघाली.

मग मी हट्टालाच पेटले. ते उठायचं, शेपूट हलवायचं आणि पेटीकडं यायला निघायचं. उंबऱ्यावर पाय पडला की मी चप्पल फरशीवर आपटायची. "हाड!" कधी फरशीवर, कधी त्याच्या पाठीवर. ते कळवळायचं, पण भुंकलं नाही कधी. सासूबाई म्हणायच्या, "आगं, नगं मारू. पेटीपाशी बसतंय तर बसू दे, कुनाचं काय खातंय?" मी म्हणायची, "नाही अम्मा, तुमच्या पाकीला बाधा नको." बोलण्यात मध आणि आत जाळ. सासूवरचा राग मी कुत्र्यावर काढत होते आणि वर आज्ञाधारक सून म्हणून मिरवत होते.

पंधरा दिवसांत ते शिकलं. उंबऱ्याच्या बाहेर, लाकडाला नाक जेमतेम लागेल असं बसायचं. पुढचे दोन्ही पंजे एका ओळीत. तिथून पेटीकडं बघायचं. आत वारा गेला, पडदा हलला, खाण्याचा वास आला, तरी पंजा पुढं यायचा नाही. मला त्याचा गर्व वाटायला लागला होता. शेजारणी बसायला आल्या की मी मटणाचं हाडूक उंबऱ्याच्या आत वीतभर ठेवायची. ते लाळ गाळत बसायचं, माझ्याकडं बघायचं, हाडकाकडं बघायचं, पण हलायचं नाही. "अगं बया! काय शिकवलंयस गं," त्या म्हणायच्या. मी पदर सावरून हसायची. आज ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

माझं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कोणी समजू नका. तेच तर सांगतेय. पावसाळा लागेस्तोवर ते माझ्या पायापायात घोटाळायला लागलं होतं. आठवडी बाजाराला निघाले की तीन पावलं मागं, त्या अधू पायानं ठुमकत. भाजीवाली पिशवीत कोथिंबीर टाकताना म्हणायची, "आला का तुमचा बॉडीगार्ड?" दुपारी काम आटोपलं की मी ओट्यावर बसायची आणि ते माझ्या मांडीवर हनुवटी टेकायचं. त्याच्या कानामागं खाजवत मी त्याला काहीबाही विचारायची. अब्बा माझं नाव काढायचे का रे? रागावले होते का माझ्यावर? ते डोळे मिटून घ्यायचं. माझं मन हलकं व्हायचं. नाव मात्र मी त्याला ठेवलं नाही. अब्बा त्याला बेटा म्हणायचे, ते माझ्या जिभेवर येईना. मी नुसतं "यू, यू" करायची, ते कुठूनही पळत यायचं.

सासूबाईंची त्याच्याशी वेगळी दोस्ती जमली होती. नमाज झाली की त्या जागेवरून न उठता त्याच्याशी बोलायच्या. "काय रं, ऊन लागतंय का?" ते बाहेरून शेपटीनं ओटा झाडायचं. माझा डोळा चुकवून त्या त्याला चपातीचा पापुद्रा टाकतात, हे मला माहीत होतं. मी न बघितल्यासारखं करायची.

श्रावणात चार दिवस झड लागली. ओट्यावर पत्रा होता, पण पाऊस तिरपा यायचा. ते गोणपाटावर अंगाची मुटकुळी करून कुडकुडत होतं. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, "आत घे गं त्येला. पुढच्या खोलीत बसंल एका बाजूला. माझा कोपरा सोडून समदं घर हाय की."

आता यात काय अवघड होतं? पण नाही. "सवय मोडेल त्याची, अम्मा," मी म्हटलं. आणखी एक गोणपाट टाकलं त्याच्या अंगावर. मनातून मला त्याला आत घ्यायचं होतं. पण एवढे महिने ताठ मान करून वागले होते, आता आत घेतलं तर सासूबाईंचं खरं ठरलं असतं. इतकीच गोष्ट होती ती. इतक्याशा गोष्टीसाठी मी त्याला भिजू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. नवरा रांजणगावला कंपनीत, दुसऱ्या पाळीला गेलेला. मी ओट्यावर गहू निवडत होते, सासूबाई आत वजू करत होत्या. कुत्रं गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या सावलीत पसरलं होतं. तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "पिसाळलंय! पोरं आत घ्या! दारं लावा!"

मी सूप टाकून उठले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरं मोठं कुत्रं दिसलं. मान खाली, तोंडातून फेस, सरळ रेषेत धावत येत होतं. धडाधड दारं लागत होती. मी आत पळाले, आणि आतून ओरडले, "यू! यू! यू!"

आमचं कुत्रं आलं. लगेच आलं. लंगडत, कान पाडून, त्यालाही काहीतरी कळलं होतं. ओटा चढलं आणि उंबऱ्यापाशी थांबलं.

"आत ये!" मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. पेटीकडं बघितलं. खाली बसलं. दोन्ही पंजे एका ओळीत.

"आत ये म्हणते ना! ये! ये लवकर!" माझा आवाज चढला. भीतीनं चढला होता, पण त्याला काय कळणार? त्यानं तो आवाज हजार वेळा ऐकला होता, त्या आवाजाचा अर्थ एकच होता. त्यानं कान आणखी पाडले आणि पोट जमिनीला टेकवलं. मी वाकून त्याची मान धरायला हात पुढं केला. माझा हात उठला की काय होतं हे त्याला पाठ होतं. ते एक पाऊल मागं सरकलं.

सासूबाई ओल्या हातांनी माझ्यामागं आल्या होत्या. "वरडू नगं, पोरी. वरडू नगं. गोडीनं बोलाव." आणि स्वतःच मांडी थापटून बोलवायला लागल्या, "ये बाबा, ये, ये माझ्या राजा, आत ये." त्यांच्या आवाजानं त्यानं एक पंजा उचलला. उंबऱ्यावर धरला, टेकवला नाही. आणि माझ्याकडं बघितलं, मी चालेल म्हणतेय का ते.

मी "ये" म्हणणार होते. हळू, नीट म्हणणार होते. पण ते पांढरं कुत्रं ओट्याच्या पायरीवर आलेलं दिसलं आणि मी दार लावलं.

हो. मीच लावलं. सासूबाई आत होत्या, दुसऱ्या क्षणी ते आमच्या अंगावर आलं असतं, सगळं खरं. लोक हेच सांगून माझी समजूत घालत आले. पण दाराच्या फळ्यांमधून जे ऐकू आलं ते मी ऐकलंय, लोकांनी नाही.

दोन मिनिटांत ते पांढरं कुत्रं पुढं निघून गेलं. नंतर माणसांनी त्याला नदीकडं गाठून मारलं. मी दार उघडलं. आमचं कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर, रोजच्या जागेवर बसलं होतं. कान फाटलेला, मानेला रक्त. मला बघून त्यानं शेपूट हलवलं.

सासूबाईंनी साबणाचं पाणी आणलं आणि हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळून आम्ही जखमा धुतल्या. धुता धुता त्या म्हणाल्या, "म्या माझ्या कोपऱ्यापुरतं म्हनले व्हते गं. उंबऱ्याचं म्या कवा म्हनले?" आवाज चढला नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, चावल्यानंतरची पाच इंजेक्शनं असतात, पण लस इथं नाही, पुण्याहून आणावी लागेल. बांधून ठेवा, लक्ष ठेवा, खात्री देता येत नाही. लस हातात पडायला चार दिवस गेले. तेवढ्यात गल्लीतले लोक ओट्यासमोर जमले. मारून टाका म्हणाले, पोराबाळांची गल्ली आहे. त्यांचंही चूक नव्हतं. मी भांडायला तोंड उघडलं, पण सासूबाई पुढं झाल्या. "माझ्या दारातलं हाय त्ये," त्या म्हणाल्या. "मागल्या परसात साखळीनं बांधीन, आडवं दार लावीन. तुमच्या पोरांच्या केसाला धक्का लागायचा न्हाई." त्यांच्या वयाकडं बघून लोक गेले.

परसात पेरूच्या झाडाला त्याला साखळी बांधली. जन्मात त्याला साखळी माहीत नव्हती, तरी त्यानं कुरकुर केली नाही. दर इंजेक्शनाला नवरा साखळी धरायचा आणि मी लांबून बोलत राहायची. मी हळू बोलायला शिकत होते. तिशी ओलांडलेली बाई, परसात एकटी उभी राहून "यू, यू" म्हणायचा सराव करायची. अब्बा कसं बोलवायचे ते आठवून आठवून. माझा आवाज मधेच फाटायचा आणि ते मान खाली घालायचं.

पाचवं इंजेक्शन झालं. जखमा भरल्या. ते खात होतं, पीत होतं. आणखी पंधरा दिवस वाट बघून सासूबाई म्हणाल्या, "आता सोड त्येला." मी साखळी काढली. ते अंग झाडत, घराला वळसा घालून पुढं गेलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसलं. उंबऱ्याच्या बाहेर. मी दार सताड उघडं ठेवलं, पेटीपाशी गोणपाट अंथरलं, त्यावर भाकरी ठेवली. आत बसून हळू आवाजात बोलावलं. ते आनंदानं शेपूट आपटत राहिलं, पण आलं नाही. आठ दिवस मी रोज बोलवत होते. म्हटलं असू दे, शिकवायला पंधरा दिवस लागले होते, विसरायला महिना लागेल. आपल्याकडं आता वेळ आहे.

नवव्या दिवशी सकाळी त्यानं भाकरी हुंगून सोडली. पाण्यात तोंड घातलं, पण पाणी घशाखाली उतरेना. मला वाटलं घशात हाडूक अडकलंय. दुपारपर्यंत खालचा जबडा लोंबायला लागला, लाळेची तार जमिनीपर्यंत. मी ओळखलं. तरी म्हणत राहिले, हाडूक असेल. नवऱ्याची सुट्टी होती, तो डॉक्टरांना आणायला सायकल काढून गेला. जाताना म्हणाला, दोघी आत बसा, दार लावून घ्या.

आम्ही पुढच्या खोलीतच उभ्या होतो. दार लावायला मी फळीला हात घातला, आणि पुढं रेटवेना. एकदा लावलं होतं ना. तेवढ्यात ते उठलं. मागचे पाय वेडेवाकडे पडत होते. माझ्याकडं त्यानं बघितलंच नाही, डोळे कुठंतरी लांब लागलेले. उंबऱ्यापाशी आलं. थांबलं नाही. पंजा आत टाकला, मग दुसरा, अडखळलं, आणि आत आलं.

सासूबाईंनी माझा दंड धरला आणि मला भिंतीच्या कडेकडेनं बाहेर ओट्यावर ओढलं. त्यांची जानमाज कोपऱ्यात होती, तसबीह तिथंच होती. त्यांनी तिकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. ते हळूहळू खोली ओलांडून गेलं आणि अब्बांच्या पेटीला पाठ लावून आडवं झालं. न्हावऱ्याला टेम्पोत बसलं होतं तसं.

मी शिकवलेलं सगळं ते विसरलं होतं. डोकं ठिकाणावर होतं तोवर त्यानं माझं ऐकलं होतं.

ते आत आणि आम्ही उंबऱ्याच्या बाहेर. सासूबाई ओट्यावर बसून रडत होत्या, मला रडूही येत नव्हतं. गल्लीच्या टोकाला नवऱ्याची सायकल दिसली, मागं कॅरिअरवर डॉक्टर, मांडीवर पिशवी घेऊन. मी उंबऱ्यापाशी खाली बसले, त्याच्या जागेवर. दोन्ही हात पुढं टेकवले.

"यू, यू," मी म्हटलं. "बेटा."

आवाज बरोबर निघाला होता. अगदी अब्बांसारखा, मलाही ऐकू आला. त्यानं डोकं उचललं नाही. पण शेपूट एकदा पेटीवर आपटलं, पत्रा वाजला. मग डॉक्टर आले आणि मला म्हणाले, ताई, बाजूला व्हा.